धूर कवा येतो?

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे फाटा सोडला की शिरढोण, मग कर्नाळ्याची खिंड, खिंडीतून उतरलं की तारा, पुढे खारपाड्याला पाताळगंगेवरचा पूल, आणि पूल ओलांडला की आमचं जिते. पेण अजून थोडं पुढे राहतं. प्रवाशाच्या लेखी हा रस्ता म्हणजे कर्नाळ्याच्या सुळक्याकडे एकदा मान वर करून पाहण्यापुरता. इंजिनाच्या लेखी तसं नाही. खिंडीचा चढ त्याच्याकडून सगळा जोर मागतो. उतारावर ड्रायव्हर पाय उचलतो आणि गाडीच इंजिनाला फिरवत नेते. खारपाड्याच्या अलीकडे-पलीकडे वाहनांची रांग लागली की ते जागच्या जागी घुरघुरत उभं राहतं. आणि मुक्काम जित्यात पडला तर खाडीवरून येणाऱ्या दमट हवेत रात्रभर थंड पडून पहाटे पुन्हा सुरू होतं. इंजिन आपलं दुखणं धुरातून दाखवतं ते याच चार प्रसंगी, आणि आमच्या या पट्ट्यात चारही घडतात. टपरीवर चहा घेता घेता समोरून गेलेल्या टेम्पोकडे बघून "रिंगा गेल्यात याच्या" म्हणणारी माणसं इथं नेहमी भेटतात. त्यातल्या कित्येकांनी कधी पान्हा हातात धरलेला नसतो.

महामार्गाला लागून पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणारे एक मिस्त्री होते. आमच्या काकांचा टेम्पो त्यांच्याकडेच दुरुस्त व्हायचा, त्यामुळे शाळकरी वयापासून माझी तिथं बैठक. गाडीवाले येऊन सांगायचे, "मिस्त्री, निळा मारतेय," नाहीतर "काळा सोडतेय." मिस्त्री रंगाचं ऐकून घ्यायचे, आणि विचारायचे ते भलतंच. "धूर कवा येतो?" सकाळच्या पहिल्या सेल्फला? खिंड चढताना? उतार संपवून पुन्हा रेस दिल्यावर? की दिवसभर सारखाच? गाडीवाल्याला धड सांगता आलं नाही तर ते बोनेट उघडत नसत. गाडी रात्रभर तिथंच ठेवायला लावत आणि पहाटे स्वतः सायलेन्सरमागे उभं राहून सेल्फ मारायला सांगत. आत काय जळतंय ते रंग सांगतो. ते कोणत्या वाटेनं आत शिरलं ते वेळ सांगते. गाडी दुरुस्त करायची तर ती वाट सापडावी लागते, म्हणून माझ्या मते नुसता रंग ओळखता येणं ही अर्धीच विद्या आहे.

पांढऱ्या धुराला माणसं सगळ्यात जास्त घाबरतात आणि पुष्कळदा विनाकारण घाबरतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, कारण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. डिझेलचंही साधारण तेच. इंजिन तापलेलं असलं की हे पाणी न दिसणारी वाफ होऊन निघून जातं. पहाटे सायलेन्सर थंडगार असतो, तेव्हा तीच वाफ पांढरी होऊन बाहेर पडते आणि नळीच्या तोंडातून थेंब गळतात.

गणपतीच्या आधीच्या दिवसांत हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांमधून मूर्ती भरायला मुंबईकडून टेम्पो येतात. अशाच एका पावसाळी पहाटे एक परका ड्रायव्हर मिस्त्रींकडे धावत आला. हेड गेलं म्हणून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मूर्ती वेळेवर पोचवायच्या होत्या आणि गाडी पांढरी वाफ ओकत होती. मिस्त्रींनी जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा पुठ्ठा घेतला आणि सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला. पुठ्ठ्यावर बारीक थेंब जमले. त्यांनी तो नाकाशी नेला, बोट फिरवून चोळून पाहिलं, आणि तापत आलेल्या बोनेटवर ठेवून दिला. थोड्या वेळानं पुठ्ठा सुकला. डाग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. तोवर सायलेन्सरही तापला होता आणि पांढरं विरळ होत होत दिसेनासं झालं. "जा, गणपती भर," एवढंच ते म्हणाले. त्याच पुठ्ठ्यावर ऑईल आलं असतं तर डाग तेलकट होऊन पुठ्ठा तेवढ्या जागी अर्धपारदर्शक झाला असता आणि कितीही वेळ ठेवला तरी सुकला नसता. काजळी आली असती तर कोरडी काळी भुकटी बोटाला लागली असती. पुठ्ठ्याला खर्च काहीच नाही, आणि पुष्कळ हेड त्यानं उघडण्यापासून वाचवली.

खरा घातक पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नाही. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असतं. एका बाजूला जळता वायू, दुसऱ्या बाजूला थंडाव्याचं पाणी, तिसऱ्या बाजूला ऑईल, आणि या तिघांची भेट होऊ न देण्याचं काम त्या पातळ पत्र्याचं. पाणी कमी पडून इंजिन एकदा सणकून तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जळतं आणि पाणी सिलिंडरात शिरतं. कूलंट असेल तर धुराला गोडसर वास येतो. तो त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलचा. पण आमच्याकडच्या जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये विहिरीचं नाहीतर टपरीवरचं साधं पाणी. गोड वास यायचा कुठून? म्हणून मिस्त्री गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढत, इंजिन चालू करायला लावत आणि आत बुडबुडे येतात का ते बघत. मग ऑईलची पट्टी ओढत. पट्टीवरचं ऑईल चहासारखं दुधाळ दिसलं की चर्चा संपली. पेट्रोल गाडी असेल तर प्लग काढून ओळीनं मांडायचे: ज्या सिलिंडरात पाणी शिरतंय त्याचा प्लग बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, धुऊन काढलेला निघतो.

डिझेल गाडीला आणखी एक पांढरा धूर असतो, आणि तो डोळ्यांना झोंबतो. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा नुसती दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपसूक पेटलं पाहिजे. जुन्या इंजिनांत ही हवा सुमारे विसाव्या हिश्शात दाबली जाते. रिंगा झिजल्या, नोझल फवारण्याऐवजी ठिबकू लागला, पंपाचं टायमिंग मागे गेलं किंवा ग्लो प्लग मेले की थंड इंजिनात डिझेल पेटत नाही. त्याचं नुसतं धुकं होऊन ते बाहेर पडतं. वाफेत उभं राहता येतं, या धुरात येत नाही. मिस्त्री डोळे चोळत मागे सरकले की काका हेड विसरून पंपवाल्याकडे जायची तयारी करत.

निळ्या धुराबद्दल मला सगळ्यात जास्त जिव्हाळा आहे. त्याचं निदान सर्वांत नाजूक आणि त्यात घिसाडघाई सर्वांत महाग. निळा म्हणजे ऑईल जळतंय, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो दिसतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. ऑईलचे कण फार बारीक असतात आणि प्रकाशातला निळा भाग ते जास्त विखुरतात. मागे गर्द झाडी असेल तर धूर निळा उठून दिसतो. मागे उजळ आभाळ असेल तर तोच पिवळट-तपकिरी भासतो. मिस्त्री संशयाची गाडी शेडमागच्या चिंचेच्या सावलीत उलटी लावायला सांगत, ते याचसाठी. प्रकाशशास्त्र त्यांनी शिकलेलं नव्हतं. उघड्यावर निळा फसवतो, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

मग वेळ. गाडी रात्रभर उभी होती, पहाटे पहिल्या सेल्फला निळा लोट आला आणि लगेच विरला, तर व्हॉल्व्हची सीलं कडक झाली आहेत. रात्रभरात हेडवरचं ऑईल गाईडमधून थेंब थेंब आत झिरपलं आणि पहिल्या धडाक्यात जळून गेलं. पेट्रोल गाडी कर्नाळ्याचा उतार पाय उचलून उतरली आणि ताऱ्याजवळ पुन्हा रेस देताच निळा लोट सुटला, तरी संशय गाईडवरच. थ्रॉटल बंद असताना आत निर्वात तयार होतो आणि तो वरचं ऑईल खाली ओढतो. याउलट धूर जोर लावताना वाढतो, खिंड चढताना थांबतच नाही, आणि ऑईल टाकायचं झाकण काढल्यावर तिथून भकभक वारा येतो, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय', तर रिंगा आणि बोअर गेलं. सीलं बदलण्याचं काम दिवसाभराचं. रिंगा-बोअर म्हणजे इंजिन उतरवायचं, ब्लॉक लेथवर न्यायचा, स्लीव्ह, पिस्टन, बेअरिंगं, सगळंच. गरीब टेम्पोवाल्याच्या घरातला एखादा दागिना त्यात जाऊ शकतो. धूर कवा येतो, या प्रश्नाला किंमत येते ती इथं. टू-स्ट्रोक रिक्षा आणि स्कूटर यांचा निळा मात्र या हिशोबात धरायचा नाही. त्यांच्या पेट्रोलमध्येच टू-टी ऑईल घातलेलं असे. निळा धूर हा त्यांचा स्वभाव होता.

निळ्याचं एक रूप भयंकर आहे. टर्बोचं सील फुटलं की इंजिनाचंच ऑईल हवेबरोबर आत जाऊ लागतं. डिझेल इंजिन ऑईलवरही चालतं. मग किल्ली बंद करून उपयोग नाही, कारण किल्ली डिझेल तोडते, ऑईल तोडत नाही. इंजिन आपणहून चढत जातं. मी हे एकदा पाहिलं आहे. शेडसमोरचा रस्ता निळ्या-पांढऱ्या ढगात बुडाला, आवाज टिपेला गेला, ड्रायव्हर उडी मारून पळाला. मिस्त्रींनी पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेलं गोणपाट उचललं, घडी केली आणि एअर क्लीनरच्या पाईपच्या तोंडावर दाबून धरलं. पाईप चिंबला, गोणपाट आत ओढलं जाऊ लागलं, त्यांचे खांदे थरथरले, पण हवा तुटली आणि इंजिन दोन गचके देऊन मेलं. "हवेबिगर कोणी जगत नाय," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

काळा धूर दिसायला सगळ्यात वाईट. इंजिनाच्या दृष्टीनं तो पुष्कळदा साध्या कारणाचा असतो: डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नोझल ठिबकत असेल, पेट्रोल गाडीत चोक अडकलेला असेल, नाहीतर टनांचा हिशोब सोडून माल भरलेला असेल. आमच्या रस्त्यावर 2011 पासून पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम रखडत चालत राहिलं. त्या धुळीनं किती फिल्टर गिळले, ते आमच्या पट्ट्यातल्या स्पेअर पार्ट्सवाल्यांना माहीत. पण साध्या कारणांच्या जोडीला एक मुद्दाम केलेलं कारणही होतं. चढावर पिकअप मिळावा म्हणून काही ड्रायव्हर पंप 'वाढवून' घेत. जास्त डिझेल, थोडा जास्त जोर आणि मागे काळाकुट्ट पडदा. डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे आणि न्हावाशेवा बंदराकडे जाणारे ट्रक-ट्रेलर खिंडीत असा पडदा ओढत जाताना दिसत. याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. आजारी इंजिनाचा धूर समजू शकतो. धडधाकट इंजिनाला मुद्दाम धूर ओकायला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या फुप्फुसाच्या जिवावर चढ चढणं आहे.

रेल्वेचा काळा धूर निराळा. आपटा ते रोहा हा मार्ग 1986 मध्ये झाला आणि जित्याला स्टेशन आलं. वाराणसीच्या कारखान्यात 1964 पासून बनत आलेली 2,600 अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-2 जातीची इंजिनं गाडी सुटताना काळा खांब उभा करत. आम्हा पोरांना वाटायचं, इंजिन बिघडलंय. बिघाड काहीच नसायचा. टर्बो फिरतो तो बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर. सुरुवातीला वायू कमी, म्हणून टर्बो मंद, म्हणून हवा अपुरी, आणि डिझेल मात्र लगेच हजर. टर्बोनं वेग घेतला की खांब मोडायचा. धूर कवा येतो हे इथंही लागू पडतं: सुटताना आला तर रीत, वेगात आल्यावरही राहिला तर रोग. 2022 मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं. आता आमच्याकडून तारेखालून गाड्या जातात.

धुराकडे बघून आतल्या आगीचा अंदाज घेणं मोटारीच्या आधीपासून चालत आलं आहे. 1888 मध्ये माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्यानं पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी काढून एक तक्ता केला. जाळी जितकी दाट, तितकी ती लांबून करडी दिसते. चिमणीचा धूर तक्त्याशी ताडायचा आणि कोळसा नीट जळतोय का ते ठरवायचं. मुंबईत गिरण्यांच्या चिमण्या धडधडत होत्या तेव्हा 1912 मध्ये धूर-उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. मोटारींसाठी आज केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 115 वा नियम आहे, आणि पीयूसी त्याचीच. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायचा आणि धूर किती प्रकाश अडवतो ते यंत्रानं मोजायचं; जुन्या गाड्यांना हार्ट्रिज मापाने 65, बीएस-4 गाड्यांना 50 ही मर्यादा. हे मोजमाप हवंच. पण तो आकडा धूर किती ते सांगतो, का ते सांगत नाही, आणि माल भरलेली गाडी खिंडीत काय करते याचा तर त्याला पत्ताच नसतो. गॅरेजवाल्यानं त्या कागदावर विसंबून राहू नये.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आणलं गेलं आणि नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी गाळणी बसली. आता नोझल ठिबकू लागला तरी नळीतून काळं काही बाहेर पडत नाही. काजळी गाळणीत साठत राहते. साठलेली काजळी गाडी स्वतःच सुमारे 600 अंशांवर जाळून टाकते, मात्र त्यासाठी सलग वेगात काही अंतर जावं लागतं. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आमच्या महामार्गावर तासन्‌तास मुंगीच्या पावलानं सरकतात, तेव्हा ते जमत नाही आणि समोर पिवळा दिवा लागतो. दिवा लागल्यावर स्कॅनर लावायचा. या स्कॅनरची एक गोष्ट मला मनापासून आवडली: दोष नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, भार किती, हेही तो टिपून ठेवतो. म्हणजे मिस्त्रींचा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांनाही टाळता आलेला नाही.

जुना धूर परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे शंकेला जागा उरली नाही. आम्ही ज्या धुरावरून विद्या शिकलो तो रस्त्याकडेला भजी तळणाऱ्या बाईच्या, गणपतीचे डोळे रेखणाऱ्या पोरांच्या, आणि त्या मिस्त्रींच्याही छातीत रोज जात होता. म्हातारपणी त्यांचा खोकला जात नसे.

पण जुन्या गाड्या अजून संपलेल्या नाहीत. शहरानं विकून टाकलेले 407, पिकअप, छोटे हत्ती आमच्याकडे येतात आणि इथं त्यांचं दुसरं आयुष्य सुरू होतं. त्यांच्या मालकांना एक अडचण कायमची असते: सायलेन्सर मागे आणि ड्रायव्हर पुढे. स्वतःच्या गाडीचा धूर स्वतःला दिसत नाही. पूर्वी क्लीनर असे, तो मागे लटकून ओरडून सांगे. मागून येणारा अनोळखी ट्रकवाला ओव्हरटेक करताना हात हलवून मागे बोट दाखवी, आणि पुढचा शहाणा असेल तर पुढच्या टपरीवर थांबून बोनेट उघडी. आता काचा बंद असतात. तेव्हा आठवड्यातून एकदा पहाटे घरातल्या कोणालातरी गाडीमागे, थोडं बाजूला उभं करावं आणि सेल्फ मारावा. काळा दिसला तर आधी एअर फिल्टर काढून झटकावा, पुष्कळदा तिथंच भागतं. निळा असेल तर पट्टी बघून ऑईल घालत काही महिने पैसे जमवता येतात, काम सावकाश काढता येतं. गाडी तापल्यावरही पांढरा राहिला आणि खाली एक थेंब न गळता रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर 'पेणपर्यंत तरी नेतो' म्हणू नये. सिलिंडरात साठलेलं पाणी दाबलं जात नाही. पुढच्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हेडचं काम अख्ख्या इंजिनावर जातं. दोर बांधून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, ओढत न्यावी.